टाकीवरचा कागद

गाडी लिफ्टवर चढलेली असते. सायलेन्सरचे पाइप उतरवून बाजूला ठेवलेले असतात. पेट्रोलची टाकी दोन लोखंडी पट्ट्यांनी डिकीच्या तळाला बांधलेली असते आणि त्या पट्ट्यांचे गंजून धरलेले बोल्ट तेल पाजून, तापवून सोडवावे लागतात. टाकी हळूहळू खाली येऊ लागते तेव्हा मेकॅनिकचं लक्ष टाकीवर नसतं. टाकीची पाठ आणि डिकीचा पत्रा यांच्यामधल्या बोटभर फटीवर असतं. नशीब असेल तर तिथे एक कागद चिकटलेला सापडतो. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, मधोमध पाण्याचे डाग, छपाई अर्धी उडालेली. कारखान्यात गाडी एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकत असताना तिच्यात कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणती सीट बसवायची हे सांगणारा तो तक्ता असतो. त्याला बिल्ड शीट म्हणतात. गाडी बांधून झाली की त्याची गरज संपत असे. मग तो कधी टाकीवर राहून जाई, कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकून पडे, आणि बहुतेक वेळा कचऱ्यात जाई.

यंदाच्या अंकाचा विषय ‘अस्सल’ असा ठरला तेव्हा पैठणी, हापूस, जुनी नाणी अशी आपली परिचित उदाहरणं हाताशी होतीच. पण अस्सलपणा म्हणजे नेमकं काय विकत घ्यायचं, हा प्रश्न जितका उघडावाघडा अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या बाजारात दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. १९७० सालची, नव्यासारखी केलेली एक शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४ विक्रीला उभी आहे असं समजा. रंग आरशासारखा, बॉनेटवर दोन रुंद पट्टे, खाली ७.४ लिटरचं इंजिन. शेजारी हुबेहूब तशीच दुसरी उभी आहे. दोघींच्या किमतीत दुपटीहून अधिक फरक असू शकतो, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही. तो त्या कुरतडलेल्या कागदात असतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की अशा गाडीचा विक्रेता लोखंडाचे नव्हे, भूतकाळाचे पैसे मागत असतो. आणि गाडी नवी करण्याचं काम स्वभावतःच त्या भूतकाळाच्या खुणा पुसत जातं. म्हणून रिस्टोअर केलेल्या गाडीची खरी प्रत तिच्या चकाकीवरून ठरत नाही. काम करणाऱ्याने काय पुसलं, काय राखलं आणि त्याचा हिशेब किती उघडा ठेवला, यावरून ती ठरते.

पळवाटेतून जन्मलेली गाडी

कागदाला एवढं महत्त्व का आलं, हे या गाड्यांच्या जन्मकथेतच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांना आपल्या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवायचं होतं. नवं मॉडेल म्हणून मंजुरी मागितली असती तर ती मिळाली नसती. म्हणून त्यांनी ते मॉडेल म्हणून काढलंच नाही. साध्या ल मान्स गाडीवर ग्राहकाने जास्तीचे पैसे भरून मागवायचं एक ‘पॅकेज’ म्हणून ते यादीत घातलं आणि नाव दिलं जीटीओ. १९६४ च्या हंगामात अशा ३२,४५० गाड्या खपल्या. मसल कार या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात.

हे नुसतं गमतीदार प्रकरण नाही. या प्रकारच्या गाड्यांची घडणच त्यातून ठरली. मसल कार म्हणजे वेगळी गाडी नव्हतीच. शाळेत मुलं सोडायला नेण्याच्या गाडीवर मागणीपत्रकात मारलेल्या दोन-चार खुणा होत्या. १९७० साली जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांवरची मर्यादा पुरती उठवली, तेव्हा ती ४०० क्युबिक इंचांवर आलेली होती, आणि तिच्याच शेव्हर्ले विभागाच्या शेव्हेलमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं इंजिन आलं. त्याचा सर्वांत तगडा प्रकार एलएस-६: कारखान्याने जाहीर केलेली ताकद ४५० अश्वशक्ती. एसएस पॅकेजवर साधारण २६३ डॉलर जास्त मोजले की ते मिळत असे. पत्रा, दरवाजे, काचा, डॅशबोर्डची चौकट, सगळं शेजारच्या मालिबूचं, म्हणजे साध्या शेव्हेलचंच. त्या वर्षी एलएस-६ची सुमारे साडेचार हजार इंजिनं या घराण्याच्या गाड्यांत गेली.

आणि चासी नंबर? तोही मालिबूचाच. १९७० च्या शेव्हेलचा तेरा अंक-अक्षरांचा क्रमांक सांगतो की ही शेव्हर्ले आहे, मालिबू श्रेणीतली, आठ सिलिंडरांची, दोन दारांची, अमुक वर्षाची, अमुक कारखान्याची. आठ सिलिंडर म्हणजे २०० अश्वशक्तीचं ३०७ क्युबिक इंचांचं साधं इंजिन की ४५० अश्वशक्तीचं एलएस-६, हे तो सांगत नाही. एसएस हे शब्दही त्यात नाहीत. त्यामुळे साधी मालिबू घ्यायची, तिच्यावर एसएसच्या खुणा आणि पट्टे लावायचे, मोठं इंजिन बसवायचं, की बाहेरून फरक कळायला मार्ग उरत नाही.

इतर कंपन्यांचं तसं नाही, आणि ही तुलना फार बोलकी आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत चासी नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं: १९७० च्या प्लिमथ कुडावर तिथे ‘आर’ असेल तर ती कारखान्यातून ४२६ क्युबिक इंचांचं ‘हेमी’ इंजिन घेऊन निघाली. पाँटिअ‍ॅकच्या मूळ बिलांच्या प्रती आजही पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. फोर्डची १९६७ पासूनची उत्पादन-नोंद केव्हिन मार्टी यांच्या संस्थेकडे आहे, आणि ‘मार्टी रिपोर्ट’ हा फोर्डवाल्यांचा सातबारा झाला आहे. कॅनडात विकल्या गेलेल्या शेव्हर्ले गाड्यांच्या नोंदीही तिथल्या शाखेने जपल्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हेलसाठी मात्र असा दप्तरखाना नाही. टाकीवरचा कागद, विक्रेत्याची मूळ पावती, किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी, एवढेच साक्षीदार. जमिनीचा सातबारा हरवला तर तलाठ्याकडून पुन्हा काढता येतो. इथे तलाठीच नाही.

सांगाडा फिरतो तेव्हा

यातल्या बहुतेक गाड्या जपण्यासाठी कुणी घेतल्याच नव्हत्या. १९७० नंतर विम्याचे हप्ते तरुण ग्राहकांना परवडेनासे झाले, प्रदूषणाचे कायदे आले, १९७१ पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं गेलं, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखलं. सात लिटरची तहानलेली गाडी रातोरात नकोशी झाली. ती स्वस्तात कॉलेजच्या मुलांकडे गेली, शर्यतीच्या सरळ पट्टीवर गेली, तिचं इंजिन फुटलं, दुसरं बसलं. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने तिचा पत्रा खालून खाल्ला. आज जी गाडी आरशासारखी दिसते ती एके काळी अशाच अवस्थेत कुठल्या तरी खळ्याच्या कोपऱ्यात उभी होती.

तिला तिथून परत आणण्याचं काम विलक्षण कष्टाचं आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल आदर ठेवूनच पुढचं लिहितो आहे. शेव्हेलची बॉडी स्वतंत्र चासीवर बसवलेली असते. ती उचलून, दोन टोकांना धरून, आडव्या आसाभोवती गोल फिरणाऱ्या चौकटीवर चढवतात, म्हणजे पोटाचं कामही उभ्याने करता येतं. मग दाबाच्या हवेने बारीक कण मारून जुना रंग काढतात. साधी वाळू जोराने मारली तर पत्रा लाटेसारखा होतो, म्हणून मोठ्या सपाट भागांवर सोडा किंवा प्लास्टिकचे मऊ कण वापरतात. रंग निघाला की गाडीचं खरं आयुष्य वर येतं: मागच्या चाकांच्या कमानींत बोटभर जाडीची पुट्टी, मागच्या काचेखाली चाळणी झालेला पत्रा, कुठे जुन्या अपघाताची ठोकपीट, कुठे पत्र्यावर पत्रा चढवून केलेलं वेल्डिंग. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडतात. हे नवे भाग आज मूळ मापात सहज मिळतात. पहिल्या पिढीच्या कॅमारोची आणि त्या काळातल्या मस्टँगची तर अख्खी नवी बॉडी डायनाकॉर्न नावाची कंपनी विकते. मग दारांच्या फटी जुळवायच्या, प्रायमर, घासकाम, रंग, पुन्हा घासकाम.

या प्रत्येक पायरीवर गाडी सुधारते आणि एक साक्षीदार कमी होतो. पुट्टी गेली तशी अपघाताची नोंद गेली. पत्रा बदलला तसे कारखान्यातल्या जोडाचे ठिपके गेले. रंग गेला तशी त्याच्या खालच्या थरांची उतरंड गेली. सर्वांत वाईट नुकसान तर निव्वळ चांगल्या कारागिरीतून होतं. शेव्हर्लेच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या तोंडाशी असलेल्या एका लहान सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. इंजिन पुन्हा बांधताना कुशल फिटर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठी यंत्रावर तासतो. ती पट्टी त्याच पातळीत असते. तिला वगळायला कुणी सांगितलं नसेल तर दोन मिनिटांत क्रमांक गुळगुळीत होतो. कुणाच्या मनात पाप नसताना अस्सल इंजिन बेवारस ठरतं.

दुसरीकडे, पुसलेल्या खुणा पुन्हा काढण्याची कलाही बहरली आहे. शिकागोजवळच्या रोझमाँटला दर नोव्हेंबरात मसल कार आणि कॉर्व्हेटचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या वरच्या वर्गातल्या गाड्यांच्या पोटाखाली पाहिलं तर कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने मारावी तशी खूण, बोल्टवर रंगाचा फटकारा, प्रायमरवर निष्काळजीपणे उडालेला रंग, सगळं काळजीपूर्वक पुन्हा केलेलं आढळतं. हे कसब मोठं आहे. पण मूळ खडूची खूण म्हणजे पुरावा होता; नव्याने काढलेली खूण म्हणजे चित्र. विक्रीच्या वेळी चित्राला पुरावा म्हणून पुढे केलं की गोष्ट बदलते.

तीन अक्षरं

खरेदी करणारा जाणकार म्हणून रंगाकडे पाहतच नाही. तो टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या त्या पट्टीपाशी वाकतो. न्यू यॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात घडलेल्या एलएस-६ वर आधी कारखान्याचं अक्षर, मग महिना आणि तारीख, आणि शेवटी तीन अक्षरं असतात: हाताने बदलायच्या गिअरच्या गाडीसाठी ‘सीआरव्ही’, ऑटोमॅटिकसाठी ‘सीआरआर’. त्याशिवाय गाडीच्या चासी नंबराचा एक भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला असतो. हे सगळं एकमेकांशी आणि ब्लॉक ओतल्याच्या तारखेशी जुळलं, तर बाजाराच्या भाषेत गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ ठरते. ओतल्याची तारीख ठोकलेल्या तारखेनंतरची असून चालत नाही, आणि इंजिन गाडी बांधल्यानंतर जन्मलेलं असून चालत नाही.

पण ठोकलेली अक्षरं पुन्हा ठोकता येतात. म्हणून तो अक्षरांच्याही पलीकडे पाहतो. कारखान्यातल्या यंत्राने ब्लॉक तासताना त्या पट्टीवर समांतर बारीक रेघा उठत. अक्षरं त्या रेघांवर ठोकली जात. रेघा नसतील, किंवा अक्षरांच्या पोटात वेगळ्या दिशेने गेल्या असतील, तर पट्टी नंतर तासून क्रमांक नव्याने मारला आहे असा संशय येतो. आता त्या रेघाही खोट्या उठवणारे आहेत. खोटी बिल्ड शीटही आहेत. केसाएवढ्या रेघांवर हजारो डॉलर अडकतात, ते या कारणाने.

धावते ना, मग अडलं कुठे?

इथे एक सरळ आक्षेप येतो आणि तो हलका नाही. इंजिन शेवटी लोखंड आहे. त्याच साच्यातलं, त्याच महिन्यातलं दुसरं इंजिन बसवलं तर गाडी तितकीच धावेल, तोच आवाज करेल. मग एका क्रमांकासाठी एवढा जीव का टाकायचा? याला उत्तर असं की धावण्यासाठीच गाडी हवी असेल तर खरोखरच टाकू नये. तशा ग्राहकांसाठी ‘रेस्टोमॉड’ नावाचा उघड आणि सरळ व्यवहार आहे: जुनी बॉडी, आत आजचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मोठ्या लिलावांत अशा गाड्या मोठ्या रकमांना जातात आणि त्यात कुणाची फसवणूक नाही, कारण विकणारा जे आहे तेच सांगतो. ‘ट्रिब्यूट’, म्हणजे उघड नक्कल, म्हणून विकलेली मालिबूही तशीच सरळ. वाद तिथे आहे जिथे पैसे १९७० चे मागितले जातात. ज्याची किंमत वसूल करायची, ते आहे हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीच.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. या गाड्या शर्यतीसाठी घेतल्या, त्यांची इंजिनं फुटली, ती बदलली, हा त्यांचा इतिहासच आहे. मग मूळ इंजिन नसलं म्हणून त्यांना कमी का लेखायचं? कमी लेखू नयेच. शेव्हर्ले वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर ‘सीई’ अशी वेगळी खूण मारत असे. असा ब्लॉक आणि त्याच्या जोडीला डीलरची जुनी पावती असेल, तर ती गाडी काय जगली हे आपल्याला कळतं. मूळ म्हणून खोटा क्रमांक ठोकलेल्या गाडीपेक्षा ती कितीतरी अस्सल आहे. बाजार तिला कमी भाव देतो, ही बाजाराची चूक आहे, आणि खोट्या ठोकणीला उत्तेजन या चुकीतूनच मिळतं. खरं सांगणाऱ्याचा तोटा होत असेल तर खरं सांगणारे कमी होणारच.

तिसरा आक्षेप: मग काय गाड्या गंजू द्यायच्या? नाही. चाळणी झालेल्या पत्र्यात पुरावा उरत नाही, नुसती माती उरते. प्रश्न रिस्टोअर करावं की नाही हा नाही, कसं करावं हा आहे. उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो. कापलेल्या पत्र्यांची नोंद. क्रमांकाची पट्टी झाकून ठेवून केलेलं तासकाम. सापडलेला कागद सरळ न करता, न चिकटवता, जसाच्या तसा. याला पैसे फारसे लागत नाहीत. रंगाच्या खर्चापुढे तर काहीच नाही.

कॅन्ससमधली जप्ती

हिशेब उघडा न ठेवण्याची किंमत शेवटच्या निरपराध माणसाला कशी मोजावी लागते, याचं उदाहरण कॅन्सस राज्यात घडलं. तिथल्या एकाने २०१६ साली दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडून रिस्टोअर केलेली १९५९ ची शेव्हर्ले कॉर्व्हेट घेतली. कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार आहे, मसल कार नव्हे. पण प्रश्न तोच आहे. नोंदणीच्या तपासणीत आढळलं की चासी नंबराची पट्टी पूर्वी केव्हातरी काढून पुन्हा लावलेली आहे. रंगकामासाठी अशा पट्ट्या काढतात, हे गॅरेजमध्ये सर्वांना ठाऊक आहे. कायद्याच्या नजरेत मात्र काढलेली पट्टी म्हणजे चोरीच्या गाडीची खूण. गाडी जप्त झाली. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. अखेर २०२२ साली राज्याने कायदा बदलून जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढून पुन्हा लावायला मुभा दिली, आणि गाडी मालकाकडे परत आली. कायदा आंधळा होता हे खरंच. पण ती पट्टी कुणी, केव्हा, कशासाठी काढली याचे दोन फोटो गाडीबरोबर आले असते, तर मालकाच्या हाती दाखवायला काहीतरी असतं.

आपल्याकडेही हा प्रश्न आता कागदावर आला आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनाही ‘मूळ’ म्हणजे काय, याचं उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागणार आहे.

हिरवी मस्टँग

१० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे मेकम या लिलावगृहाच्या लिलावात गर्द हिरव्या रंगाची एक फोर्ड मस्टँग आली. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली. एका कुटुंबाने ती १९७४ साली जाहिरात वाचून ६,००० डॉलरना घेतली होती आणि घरची गाडी म्हणून वापरली. खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून परत मागितली, तरी दिली नाही. १९८० मध्ये ती बंद पडली आणि झाकून राहिली. लिलावात आली तेव्हा रंग उडालेला, पत्र्याला गंज, सीट फाटलेल्या. कॅमेरा बांधण्यासाठी खाली वेल्ड केलेले तुकडे आणि चित्रीकरणासाठी डिकीत पाडलेलं भोक तसंच होतं. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. लिलावगृहाचा आकार धरून ३७ लाख ४० हजार.

हा भाव चित्रपटाचा आहे, गंजाचा नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ती चित्रपटातलीच गाडी आहे, हे कागदपत्रांइतकंच ते वेल्डचे तुकडे आणि ते भोक सांगत होतं. १९८० मध्ये एखाद्या उत्साही माणसाने ती ‘छान करून’ घेतली असती, तर पहिल्या दिवशी ग्राइंडर तिथेच चालला असता. त्याच चित्रपटातली दुसरी मस्टँग असं होता होता वाचली. ती मेक्सिकोत भंगारात पडली होती. घेणारे तिला दुसऱ्याच एका चित्रपटातल्या गाडीची नक्कल बनवणार होते. २०१७ साली चासी नंबर तपासला आणि ती कोण आहे ते कळलं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाच्या मनात अशी एखादी गाडी असेल, तर तिच्यापाशी जाताना रंग शेवटी पाहा. आधी उघडण्यापूर्वीचे फोटो मागा, इंजिनाच्या पट्टीवरच्या रेघा टॉर्चने पाहा, कागद सापडला तर नेमका कुठे आणि कुणाला सापडला ते विचारा. इंजिन बदलल्याचं विकणारा स्वतःहून सांगत असेल, तर त्याच्याशी बोलणी पुढे न्या. आणि शेव्हेल एसएस म्हणून उभी असलेल्या गाडीबरोबर यातलं काहीच नसेल, तर ती कितीही चमकत असो, तिला मालिबूचा भाव द्या.